'कुणाला न्हाई की, ताई': बारा ते पंधरा वयाच्या मुलांना स्वतःशी बोलायला शिकवताना

आठवीतला एक पोरगा फळ्यावर बेरीज मांडत होता. हातचा धरायला विसरला, उत्तर चुकलं. डस्टर उचलता उचलता तो तोंडातल्या तोंडात म्हणाला, "येड्या, तुला काय येतंय गा!" मी मागून विचारलं, "कुणाला म्हणालास?" तो दचकला. "कुणाला न्हाई की, ताई."

त्या 'कुणाला न्हाई'शी मुलांची ओळख करून द्यायची, एवढंच हे काम. बेळगावच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांत आणि खानापूर रस्त्यावरच्या दोन गावांत मी सातवी ते नववीच्या मुलांचे छोटे गट घेते. नव्यानं सुरू करू पाहणारे शिक्षक, वाचनालय चालवणारी मंडळी, कॉलेजात शिकणाऱ्या मुली अधूनमधून विचारतात, नेमकं करायचं काय? त्यांच्यासाठी क्रमानं लिहिते. सहा रविवार, दर वेळी सव्वा तास. यापेक्षा जास्त ताणू नका, पोरं कंटाळतात आणि आपणही प्रवचनावर येतो.

सुरू करण्याआधी

दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. मूल स्वतःला काय समजतं, ही एक. आणि ते मनातल्या मनात स्वतःशी काय बोलतं, ही दुसरी. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञानं १८९० मध्ये पाहणारा 'मी' आणि पाहिला जाणारा 'मी' अशी फोड केली होती. मराठी बोलणाऱ्याला ती शिकवावी लागत नाही. 'मी मलाच म्हटलं', 'माझं मलाच कळेना' ही वाक्यं आपण दिवसातून दहादा बोलतो.

सात वर्षांचं पोर स्वतःबद्दल सांगताना म्हणतं, मी जोरात पळतो, माझ्याकडे सायकल आहे. तेराव्या वर्षी तीच पोर म्हणते, मी लाजरी आहे, पण मैत्रिणींत नाही, मग खरी मी कुठली? मुलं स्वतःचं वर्णन कसं करतात याचा सुझन हार्टर यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. किशोरवयाच्या मधल्या टप्प्यावर ही विसंगती मुलांना दिसू लागते आणि टोचूही लागते, असं त्यांना आढळलं. त्यात डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये सांगितलेला 'काल्पनिक प्रेक्षक' असतो, म्हणजे सगळं जग आपल्याकडेच बघतंय ही भावना. गालावर एक पुटकुळी आली की गल्लीच्या कट्ट्यावरची झाडून सगळी माणसं ती मोजायला बसलीत असं वाटतं. हे सगळं वयाचं आहे. आजार नाही, आणि मोबाईलनं बिघडवलंय असंही नाही. मोबाईलनं प्रेक्षक वाढवले, इतकंच.

आणखी एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लहान मूल खेळताना मोठ्यानं स्वतःला सूचना देतं, 'आता हे इकडं, हे तिकडं'. हेच बोलणं हळूहळू आत जातं आणि मनातला आवाज होतं, असं रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की यांनी मांडलं. आत जाणारे शब्द मुलानं मोठ्यांकडून ऐकलेले असतात. म्हणजे मनातला आवाज बराचसा उसना. आणि उसना आहे तर तो कुणाकडून आणला, कोणत्या भाषेत आणला, हे विचारता येतं.

आपल्या भागात हा भाषेचा प्रश्न सोपा नाही. येळ्ळूरच्या किंवा नंदगडच्या पोराची घरातली भाषा एक, शाळेच्या पुस्तकातली मराठी दुसरी, दुकानात आणि बसमध्ये कन्नड, मोबाईलवर रोमन अक्षरांतलं काहीबाही. त्याला 'स्वतःबद्दल निबंध लिही' म्हटलं तर तो पुस्तकी मराठीत लिहितो, 'मी एक प्रामाणिक व कष्टाळू विद्यार्थी आहे.' यातलं एक अक्षर त्याच्या मनातलं नसतं. स्वतःला शिव्या घालताना तो 'कष्टाळू' हा शब्द कधी वापरत नाही. म्हणून माझ्या गटात पहिला नियम: ज्या भाषेत स्वतःवर ओरडता, त्याच भाषेत लिहायचं. 'न्हाई' लिहिलं तर 'नाही' करायचं नाही. मधेच कन्नड शब्द आला तर येऊ दे. ऱ्हस्व-दीर्घाची लाल पेन घरी ठेवून या. मी स्वतः शाळेत मराठी शिकवलेली आहे, मला हा नियम पाळायला किती जड गेलं ते माझं मला ठाऊक.

जागा, वेळ, परवानगी

आठ ते बारा मुलं. त्याहून जास्त असली की दोन हुशार बोलतात, बाकीची भिंतीला टेकून बसतात. दहावीची मुलं घेऊ नका. त्यांच्या डोक्यात एसएसएलसीचे, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेचे, ६२५ मार्क सोडून दुसरं काही शिरत नाही, आणि घरचे सोडतही नाहीत.

वाचनालयाची खोली, देवळाचा सभामंडप, शाळेचा वर्ग, काहीही चालेल. येणाऱ्याजाणाऱ्याला आतलं ऐकू जाऊ नये, पण दार उघडं असावं. दोन मोठी माणसं हवीतच, त्यातली एक बाई. एकट्यानं मुलांना खोलीत घेऊन बसायचं नाही, तुम्ही कितीही सज्जन असलात तरी. पालकांची सही असलेली चिठ्ठी प्रत्येकाची घ्या.

खानापूरकडे जून-जुलैत रोप लावणीला अर्धी मुलं शेतात असतात, तेव्हा नको. गणपतीच्या मागेपुढे पंधरा दिवस पोरं मंडपात. आपल्याकडे शाळेला मोठी सुट्टी दिवाळीला नाही, दसऱ्याला मिळते. ती संपल्यावरचे रविवार बरे. १ नोव्हेंबर रविवारी आला तर तो सोडा. एका बाजूला कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसऱ्या बाजूला मराठी माणसांचा काळा दिन, रस्ते बंद, घरातली माणसं तणावात. त्या दिवशी 'मी कोण' विचारायला बसू नये.

पालकांची एक बैठक घ्या, वीस मिनिटांची. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ह्यानं मार्क वाढतात काय?" हो म्हणू नका. मी सांगते, मार्कांचं माहीत नाही, पण पोरगं कशानं गप्प झालंय हे त्याला स्वतःला सांगता येऊ लागतं. एका वडिलांनी लगेच विचारलं, "म्हणजे उलटं बोलायला शिकवतासा?" थोडं तसंच आहे, म्हटलं. फक्त आधी स्वतःला उलटं बोलायचं. ते हसले आणि सही केली. सगळे हसतील असं नाही.

गुप्ततेबद्दल मुलांना पहिल्याच दिवशी खरं सांगा. 'इथलं मी बाहेर सांगणार नाही, पण तुझ्या जिवाला किंवा अंगाला धोका आहे असं कळलं तर मला सांगावंच लागेल.' २०१२ च्या पोक्सो कायद्यानं लैंगिक अत्याचाराची माहिती कळलेल्या माणसावर ती पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकली आहे. 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन देऊन नंतर मोडण्यापेक्षा न दिलेलं बरं.

पहिला रविवार: नाव

'मी कोण' हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारू नका. मुलं लाजतात किंवा पाठ केलेलं बोलतात. नावापासून सुरू करा.

प्रत्येकाला एक कोरा कागद. त्यावर आपलं नाव तीन लिप्यांत लिहायचं: देवनागरी, कन्नड, रोमन. आपल्याकडच्या मुलांना हे येतं, शाळेनं तीन भाषा गळ्यात घातल्याच आहेत. लिहून झालं की विचारा, कोणतं नाव तुझं वाटतं? कोणतं लिहिताना हात अडखळतो? कोणतं सही म्हणून वापरशील?

एक मुलगी कन्नड अक्षरातल्या नावाकडे बराच वेळ बघत होती. म्हणाली, "हे हजेरीतलं. हे हाक मारल्यावर मी उभी राहते." रोमनवर बोट ठेवून, "हे मोबाईलमधलं, हे जरा भारी दिसतंय." देवनागरीवर आली आणि म्हणाली, "हे लिहिताना मी विचार करत न्हाई." मी काही बोलले नाही. तुम्हीही बोलू नका. 'म्हणजे मराठी हीच तुझी खरी ओळख' असं तात्पर्य काढायचा मोह होतो, आणि त्या क्षणी तिचा कागद तुमचा होतो.

मग खाली चौथ्या ओळीत घरातलं नाव. बाळू, सोनी, चिमी, आप्पा, जे असेल ते. आणि पाचव्या ओळीत, ज्याला लिहायचं असेल त्यानंच, लोकांनी चिकटवलेलं नाव. जाड्या, काळी, बुटक्या, तोतऱ्या. हे मोठ्यानं वाचून घ्यायचं नाही. कागद घडी घालून खिशात. चौथ्या रविवारी लागेल.

दुसरा रविवार: दहा वाक्यं

मॅनफ्रेड कून आणि थॉमस मॅकपार्टलँड या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये एक साधी चाचणी मांडली. 'मी कोण आहे?' या एकाच प्रश्नाला वीस उत्तरं द्यायची. आपल्या मुलांना दहा पुरे. सहाव्यापर्यंत घरंगळत जातात: मी मुलगा आहे, मी आठवीत आहे, मी अमक्या गल्लीतला आहे. सातव्याला अडतात. डोकं खाजवतात, शेजारच्याच्या कागदात बघतात. तिथं घाई करू नका. पुढची चार वाक्यं हीच कामाची. एकानं नववं वाक्य लिहिलं होतं, 'मी बाबा घरी आलेत की वेगळा असतो.'

आता प्रत्येक वाक्यापुढे खूण करायची. 'हे मला कुणीतरी सांगितलं' याला फुली, 'हे मी स्वतः पाहिलंय' याला टिंब. 'मी ढ आहे' याला फुली की टिंब? गटात यावर भांडणं होतात आणि होऊ द्यावीत. "गुरुजी म्हणाले म्हणून मी ढ, का मला मार्क कमी पडलेत म्हणून?" "मार्क पडलेत ते मी पाहिलंय. ढ हाय ते कुठं पाहिलंय?" हे वाक्य सातवीच्या मुलीचं आहे, माझं नव्हे. मी ते अजून वापरते.

याच दिवशी तो विषय हमखास निघतो. कुणीतरी लिहितं, 'मी मराठी आहे'. शेजारचा विचारतो, मग तू कर्नाटकाचा का महाराष्ट्राचा? १९५६ मध्ये बेळगाव आजच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासून मोठी माणसं ज्यावर भांडत आली, ते पोरं दोन मिनिटांत अंगावर घेतात. हा प्रश्न गटात सोडवायचा नाही आणि दाबायचाही नाही. मी एवढंच म्हणते, हे वाक्य तुझं आहे, खूण कर आणि पुढं चल. तुमचं स्वतःचं मत ठाम असेल (माझं आहे) तर ते चपलांबरोबर दाराबाहेर. गटात घरी कन्नड बोलणारं एखादं मूल असेल तर त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा. त्याला या पाच मिनिटांत एकटं वाटलं तर पुढच्या रविवारी ते येत नाही.

तिसरा रविवार: आवाजाची वही

सगळ्या क्रमातला हा मला सर्वात आवडणारा आणि सर्वात जास्त वेळ खाणारा भाग.

चाळीस पानी वही मधून कापून अर्धी करा. खिशात मावते, कुणाच्या नजरेत येत नाही. पान तिहेरी घडी घालून तीन रकाने पाडायचे. पहिल्यात काय झालं. दुसऱ्यात त्या वेळी मनात काय आलं, जसंच्या तसं. तिसऱ्यात तो आवाज कुणासारखा होता. चार दिवस, दिवसाला दोन नोंदी, त्याहून जास्त मागू नका.

आधी तुम्ही स्वतःचं एक पान भरून दाखवा, खोटं नको. मी फळ्यावर लिहिलं होतं: वाण्याच्या दुकानात सुटे मोजताना चुकले. 'एवढी शिकलीस आणि शंभराचा हिशेब जमत नाही.' आवाज: माझ्या मोठ्या भावाचा. मुलं पोट धरून हसली. त्यानंतर त्यांची लेखणी सुटली.

पुढच्या रविवारी वह्या गोळा करायच्या नाहीत. ज्याला वाचायचं त्यानं एकच ओळ वाचायची. हातमाग-यंत्रमागाच्या घरातली, वडगावकडची एक मुलगी होती, आईबरोबर संध्याकाळी कांड्या भरायची. तिनं वाचलं:

"सूत तुटलं. 'हातातनं एक काम धड होत न्हाई.' आवाज आईचा."

थांबली. मग वहीत न लिहिलेलं म्हणाली, "पण आईला आजी असंच म्हणायची. आई सांगत होती."

खोली गप्प झाली. तेरा वर्षांच्या मुलीनं एका सुताच्या धाग्यावरून दोन पिढ्या मागं जाऊन तो आवाज कुठून निघाला ते बघितलं होतं. आईचा राग करायचा नाही, आजीचाही नाही. मी फक्त विचारलं, "मग आता तो कुणाचा?" तिनं खांदे उडवले. इथंच सोडलं. सगळ्याची उत्तरं त्याच दिवशी निघावी लागत नाहीत.

तिसरा रकाना भरताना 'माझाच आवाज' असं बरीच मुलं लिहितात. चालेल. भाषा विचारा. 'शुद्ध बोलतोय का आपलं घरचं?' पुस्तकी मराठीत ओरडणारा आवाज बहुधा शाळेतला, 'गा' आणि 'की' लावून ओरडणारा घरातला. एका मुलाचा आवाज कन्नडमध्ये होता: 'ननग बरंगिल्ल', मला येत नाही. कुठून आला ते त्याला लगेच आठवलं. कन्नडच्या तासाला मोठ्यानं वाचायला उभं केलं होतं, वर्ग हसला होता, तेव्हापासून.

चौथा रविवार: उत्तर द्यायला शिकणं

इथं नवे लोक हमखास एक चूक करतात. मुलांना ओळीत उभं करून म्हणवून घेतात, 'मी हुशार आहे! मी सर्व काही करू शकतो!' करू नका. जोॲन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की ज्यांना स्वतःबद्दल आधीच कमी वाटतं त्यांना 'मी आवडण्यासारखा आहे' असली वाक्यं घोकल्यावर बरं वाटण्याऐवजी आणखी वाईट वाटलं. आपल्या पोरांना हे प्रयोगाशिवायही कळतं. तोंडानं 'मी हुशार' म्हणताना आतला म्हणतो, 'व्हय व्हय, दिसलंय काल.'

मी तीन गोष्टी करून घेते.

पहिली, 'येत नाही'चं वाक्य नीट बघणं. मराठीत आपण 'मला पोहता येत नाही' म्हणतो, कन्नडमध्ये 'ननग बरंगिल्ल'. दोन्हीकडे विद्या 'येते'. पाहुण्यासारखी. आज आली नाही, उद्या येईल, बसला उशीर झाला असेल. पण 'मी ढ आहे' म्हटलं की दार लावून घेतलं, पाहुणा आला तरी परत जाणार. मुलांना हे इतकं पटतं, की कन्नड वाचनाचा तो मुलगा वहीत लिहून आला, 'कन्नड अजून लोंढ्याला हाय, येतंय.' (लोंढा म्हणजे खानापूरपलीकडचं रेल्वे जंक्शन.) मग 'मी असा आहे' या जातीची वाक्यं 'मला अजून आलं नाही' या जातीत बदलून लिहायला सांगा. सगळी बदलत नाहीत. 'मी बुटका आहे' बदलत नाही, आणि ते ओढूनताणून बदलूही नये. तिथं 'बुटका आहे. बरं, मग?' एवढंच.

दुसरी, धाकट्या भावंडाची कसोटी. तुझ्या बहिणीचं सूत तुटलं असतं तर तिला हेच म्हणाली असतीस? नाही तर काय म्हणाली असतीस? तेच आता आरशात बघून नव्हे, वहीत लिही. आरशासमोरची नाटकं या वयात नकोत, आरशाशी त्यांचं आधीच वाकडं असतं.

तिसरी, स्वतःला नावानं हाक मारणं. ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की ताणाच्या प्रसंगी 'मी'ऐवजी स्वतःचं नाव घेऊन मनात बोललं तर माणूस जरा लांबून बघू शकतो आणि घाबरगुंडी कमी होते. त्यांचे प्रयोग मोठ्यांवरचे होते, पण आमच्या मुलांना हे चटकन जमलं. पहिल्या रविवारच्या कागदावरची चौथी ओळ इथं काढा. हजेरीतल्या नावानं हाक मारली तर पोरगं मनातल्या मनात उभं राहतं. घरच्या नावानं मारली तर ऐकतं. 'बाळू, थांब की जरा. पाणी पी. पुन्हा वाच.' एवढं पुरे. ज्याचं घरातलं नाव शिवी म्हणूनच वापरलं जातं, त्याला स्वतःसाठी नवं ठेवू द्या. एकीनं आजीचं नाव घेतलं.

एक सांगून ठेवते, कारण उत्साहाच्या भरात हे निसटतं. आतला प्रत्येक टोचणारा आवाज वाईट नसतो. मित्राच्या डब्यातलं चोरून खाल्लं आणि मन खातंय, तर ते खाऊ द्यावं. जनाची नाही तर मनाची, असं आपण म्हणतोच. 'चुकलास' म्हणणारा आवाज ठेवायचा. 'चुकीचाच आहेस' म्हणणाऱ्याला विचारायचं, तू कोण? हा फरक मुलांना त्यांच्याच वहीतल्या ओळींवर दाखवा, नुसता सांगून कळत नाही.

पाचवा रविवार: दुसऱ्यांना दिसणारा मी

१९५५ मध्ये जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम यांनी 'जोहारी खिडकी' मांडली. नाव जवाहिऱ्याचं वाटतं, पण ते दोघांच्या पहिल्या नावांचे तुकडे जोडून केलेलं आहे. मला माहीत आणि लोकांनाही माहीत, मला माहीत पण लोकांना नाही, लोकांना दिसतं पण मला नाही, आणि कुणालाच नाही, असे चार कप्पे.

हे पहिल्यांदा घेतलं तेव्हा माझ्या हातून वाईट घडलं. प्रत्येकाच्या पाठीला कागद लावला आणि सांगितलं, एकमेकांच्या पाठीवर चांगलं लिहा. हसतखेळत चाललं होतं. शेवटी कागद काढले तर एका मुलीच्या कागदावर फक्त दोन ओळी: 'गप्प असते' आणि 'चांगली आहे'. बाकीच्यांचे कागद भरलेले. तिनं कागदाची बारीक घडी घातली, अजून बारीक, आणि मुठीत धरून बसली. पुढच्या रविवारी आली नाही. मी घरी गेले तर आई म्हणाली, पोट दुखतंय. तिचं काय दुखत होतं ते मला ठाऊक होतं.

तेव्हापासून पाठीवरचे कागद बंद. आता चिठ्ठ्या काढून जोड्या पाडते आणि प्रत्येकानं आपल्या जोडीदाराबद्दल फक्त पाहिलेली गोष्ट सांगायची, गुण नाही. 'ती चांगली आहे' नको. 'तिनं मागच्या रविवारी सतरंजी एकटीनं घडी घातली' हवं. विशेषण आलं की परत मागा. मुलांना आधी अवघड जातं, मग डोळे उघडे ठेवायला लागतात.

सहावा रविवार: मनातले मांडे

बेळगावकरांना मांडे समजावून सांगायला नको. मनातही खातो आणि लग्नातही. या दिवशी वहीच्या मधल्या पानावर एक मोठा गोल काढायचा आणि त्यात भरायचं, मला कसं व्हायचंय. पोलीस, डॉक्टर, यूट्यूबर, कबड्डीपटू, काहीही. मग शेजारी छोटा गोल: त्यातलं या महिन्यात मला काय करून बघता येईल. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स म्हणत, की माणूस स्वतःला जसा आहे असा समजतो आणि त्याला जसं व्हावंसं वाटतं, या दोन्हींत दरी फार वाढली की त्रास होतो. छोटा गोल त्या दरीवरचा साकव. मोठ्या गोलाची चेष्टा मात्र करू नका आणि 'परवडेल काय' असंही विचारू नका. ते विचारणारे घरी पुष्कळ आहेत.

आपल्या आवाक्याबाहेरचं

काही वह्यांतून अशा गोष्टी वर येतात ज्या आपल्या नव्हेत. दोन-तीन आठवडे जेवण-झोप उडालेली, आवडता खेळ सोडलेला, हातावर कापल्याच्या खुणा, 'मी नसलो तर बरं' अशी ओळ. तसं दिसलं तर समजूत घालत बसू नका. मुलाला स्पष्ट विचारा, मरावंसं वाटतं का? विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याला एकटं सोडू नका, घरातल्या ज्या माणसावर त्याचा विश्वास आहे त्याला त्याच दिवशी गाठा आणि डॉक्टरकडे न्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो आणि फुकट आहे. मूल मारहाणीत किंवा दुसऱ्या कुठल्या संकटात असेल तर १०९८, हा मुलांसाठीचा मदत क्रमांक. दोन्ही क्रमांक पहिल्याच दिवशी वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर सगळ्यांना लिहायला लावा, म्हणजे ज्याला लागतील त्याला वेगळे मागावे लागत नाहीत.

वह्यांचं काय करायचं

वह्या मुलांच्या. तुम्ही वाचायच्या नाहीत, शाळेला दाखवायच्या नाहीत, 'उत्कृष्ट वही' असलं बक्षीस काढायचं नाही. घरी कुठं ठेवायची हा खरा प्रश्न असतो, कारण दोन खोल्यांच्या घरात लपवायला जागा नसते. तांदळाच्या डब्यामागं, जुन्या गाईडच्या पुठ्ठ्यात, गोठ्यात, पोरं शोधून काढतात. नको असेल तर फाडायचीही मुभा द्या.

मागच्या गटात शेवटच्या दिवशी एकीनं विचारलं, "ताई, बंबात घातली तर चालंल काय?" चालेल म्हटलं. ती जिन्यात बसून वही उलटीसुलटी चाळत होती. मधलं गोलाचं पान तिनं अलगद काढून कंपासात ठेवलं, बाकीची वही पिशवीत टाकली आणि विचारलं, पुढचा रविवार न्हाई काय आता?

पुढचा गट जानेवारीत आहे. वह्या कापायला दोघीजणी येणार आहेत.